फोन उचलणारा

१

शेंदूरजनाघाटात त्या वर्षांत वीज रुसलेल्या जावयासारखी वागायची. आली तर आली, गेली तर कोणी विचारायचं नाही. त्यामुळे गावाचे सगळे फोन नईमच्या दुकानात चार्ज व्हायचे. नईमकडे मोठं इन्व्हर्टर होतं, भिंतीला लाकडी फळी होती आणि फळीवर तीस-चाळीस फोन ओळीनं निजलेले असायचे. प्रत्येक फोनच्या कव्हरमागं एक चिठ्ठी. चिठ्ठीवर मालकाचं नाव, लॉकचे आकडे आणि निरोप. कारण फोन वाजला तर तो नईमच उचलायचा. कोण बागेत गेलंय, कोण वरूडला गेलंय, कोणाला 'नाही' म्हणून सांगायचं आहे, हे सगळं नईम चिठ्ठी वाचून सांगायचा. गावात याला कोणी धोका म्हणत नव्हतं. सोय म्हणत होते.

देवमनच्या चिठ्ठीवर १४०४ होतं. भीमजयंती. त्याच्या वार्डातल्या निम्म्या फोनांचे हेच आकडे, म्हणजे चिठ्ठी नसती तरी चाललं असतं.

"काका, आकडे बदला ना," नईम म्हणायचा. "हे तं कोणीबी उघडीन."

"उघडू दे. आपल्याजवळ लपवासारखं हाये काय?"

हे वाक्य देवमन दिवसातून दोनदा म्हणायचा आणि दोन्ही वेळा स्वतःवर खूश व्हायचा.

देवमनची संत्र्याच्या कलमांची नर्सरी होती, पण गाव त्याला ओळखायचं ते आवाजांसाठी. तो कोणाचाही आवाज काढायचा. तहसीलदाराच्या आवाजात फोन करून त्यानं सख्ख्या साळ्याला सातबारा डोक्यावर धरून भर उन्हात चौकात उभं केलं होतं. गाव हसलं. साळासुद्धा हसला, दोन महिन्यांनी.

मग त्यानं एकदा जास्तच केलं. मुलीला, रश्मीला, यवतमाळचं स्थळ आलं होतं. तिलाही मुलगा आवडला होता. साखरपुड्याच्या चार दिवस आधी देवमननं मुलाच्या बापाच्या आवाजात घरी फोन केला की आम्ही मागं हटलो. गंमत म्हणून. बायकोनं, इंदूबाईनं, घाबरून तिकडं फोन लावला, नको ते बोलली, तिकडचे लोकही बोलले, आणि स्थळ खरोखर मोडलं. रश्मी अकोल्याला गेली, दवाखान्यात नोकरीला लागली, खोली करून राहिली. जाताना म्हणाली, "बाबा, तुमचा आवाज मले आता ऐकू नका देऊ."

देवमनला राग आला. चूक त्याची, म्हणून राग दुप्पट आला. दीड वर्ष झालं, त्यानं तिला फोन केला नव्हता. माफी हा शब्द त्याला सगळ्या आवाजांत म्हणता यायचा, फक्त स्वतःच्या सोडून.

२

बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्याच्या पुढच्या वर्षी उन्हानं संत्र्याचा बहार गाळला. तेव्हा वरच्या कोणाला तरी सुचलं की शेतकऱ्याला विमानात बसवावं. अभ्यासदौरा. परदेशातल्या लोकांच्या संत्र्याला पाणी कसं असतं ते पाहून यायचं. इथं पाणीच नाही, हे सांगायला दौऱ्यात वेळ ठेवलेला नव्हता.

परत येताना मधे एका वाळवंटी देशाच्या विमानतळावर सात तास थांबायचं होतं. देवमनचा फोन मरायला टेकला होता. सोबतचे लोक खांबाखांबाशी चार्जिंगचा बोर्ड शोधत हिंडत असताना देवमनला एका कोपऱ्यात एक काउंटर दिसलं. मागं लाकडी फळी. फळीवर ओळीनं निजलेले फोन. त्याला घरी आल्यासारखं वाटलं.

काउंटरवर पांढऱ्या शर्टातला एक माणूस होता. देवमननं फोन दिला, कव्हर काढून चिठ्ठी दाखवली, कानाशी मूठ नेऊन, मग तोंडाशी घास नेऊन खुणा केल्या. घरून फोन आला तर उचलजो, सांगजो जेवून राहिले. माणसानं चिठ्ठी घेतली. मराठी अक्षरांखालून सावकाश बोट फिरवलं, निरोपाच्या शेवटापर्यंत, आणि मान हलवली.

एवढ्या मोठ्या विमानतळावर त्या फळीवरचा एकही फोन वाजत नव्हता. देवमनच्या हे ध्यानात आलं, पण भूक लागली होती.

घरी पोचल्यावर इंदूबाईनं पाण्याचा तांब्या दिला आणि गालात हसली.

"काय झालं?"

"काई नाई. परदेशात जाऊन माणूस गोड होते, हे मले मालूम नोतं."

"म्हंजे?"

"त्या दिवशी किती वेळ बोलले तुमी. म्या म्हटलं काय करून राहिले, तं म्हणे जेवून राहिलो. मंग गोष्टीच गोष्टी."

देवमननं फोन काढून पाहिलं. घरून आलेला फोन. एकेचाळीस मिनिटं. तेवढ्या वेळात त्यानं विमानतळावर डबा उघडला होता, ठेचा-भाकर खाल्ली होती, हात धुतले होते.

त्यानं डोकं चालवलं. त्या माणसानं बटण दाबलं असेल आणि फोन तसाच ठेवला असेल. इंदू एकटीच बोलली असेल. इंदूला ऐकणारा लागतोच असं नाही. हिशेब बरोबर बसला. फक्त 'जेवून राहिलो' कोण म्हणालं, तेवढं बाजूला राहिलं.

३

मार्चमध्ये कलमांचं काम जोरात असतं. देवमन एका दुपारी चाकूला धार लावायला म्हणून घरी आला, तर स्वयंपाकघरातून हसणं ऐकू आलं. इंदूबाई हसत होती. पदर तोंडाला लावून, नव्या नवरीसारखी. देवमन छपरीतच थांबला. हे हसणं त्यानं शेवटचं कधी ऐकलं होतं ते त्याला आठवेना, आणि आठवत नाही म्हणून राग आला.

"हाव. हाव, लावते तेल. तुमी बी जेवजा टायमावर." तिनं फोन ठेवला, वळली आणि देवमनला पाहून दचकली. "अवो, आता तं बोलले नर्सरीतून, अन् इतल्यात आले बी?"

"कोण बोललं?"

"तुमीच तं."

देवमनचा फोन त्याच्या खिशात होता. त्यानं काढून दाखवला. त्यात काहीच नव्हतं. इंदूबाईच्या फोनात मात्र त्याचंच नाव, त्याचाच नंबर, बारा मिनिटं.

"काय बोलला तो?"

"तो कोण? तुमी नं." तिला वाटलं नवी गंमत आहे. "इचारलं, गुडघा कसा हाये. सहा वर्सांत पयल्यांदा इचारलं बावा माणसानं."

"मी नाई इचारलं."

"मंग नका इचारू," इंदूबाई म्हणाली आणि तिचं तोंड उतरलं.

देवमन घरात हिंडून आला. माजघर, न्हाणी, मागचं अंगण, धान्याची कोठी. कोणी नव्हतं. असायचं कारणही नव्हतं. पण माजघरात उभं राहिल्यावर त्याला वाटलं की या घरात आत्ताच कोणीतरी सुखानं बोलून गेलंय, आणि तो स्वतः उशिरा आलेला पाहुणा आहे.

४

नईमनं फोन उलटासुलटा केला, मग चिठ्ठी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"काका, ये चिठ्ठी परदेसात घेऊन गेल्ते तुमी?"

"कव्हरमागंच राह्यते ते."

"या अल्ला. चिठ्ठी माह्या दुकानासाठी होती, काका. दुनियेसाठी नोती." नईम सहसा चिडत नाही, त्या दिवशी चिडला. "बाहेर देसात जाताना माणूस फोन रिकामा करून नेते. फोटो काढून ठेवा, आकडे बदला, बँकेचं काढून टाका. दुसऱ्याच्या वायरले लावू नका, आपली बॅटरी न्या. फुकटचं वायफाय दिसलं का तोंड वासून जाऊ नका. अन् हातातून सोडायचा नाई, मुतायले गेले तरी. हे मी कोणाले सांगून राहिलो? जो फोन खोलून, जेवणाचा निरोप देऊन, चाळीस मिनिट सोडून आला त्याले."

"इतलं काय होते त्याच्यात? संत्र्याचे फोटो."

"संत्र्याचे फोटो? काका, तुमच्या फोनात तुमी किती आवाज भरून ठेवले, मोजले काय कधी? रोज उठून ग्रुपवर बोलता. सात वर्सांचं बोलणं हाये. भांडण हाये, खोकला हाये, झोपेतलं घोरणं बी टाकलं होतं एकदा गंमत म्हणून. काकूचं बोलणं, रश्मीचा जुना नंबर, तिचे लहानपनचे फोटो." नईमनं फोन फळीवर ठेवला. "मानसाचं अजून काय राह्यते?"

त्यानं फोन पुसून कोरा केला. नवं कार्ड घातलं. नवा नंबर फक्त इंदूबाईला दिला. देवमन घरी जाताना शीळ वाजवत गेला.

दोन दिवस शांत गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी देवमन अंगणात बाजेवर पडला होता, फोन उशाला. आत इंदूबाईचा फोन वाजला. तिनं उचलला.

"हाव. नवा नंबर घेतला, सांगतलं तुमी. नाई, बाहेर झोपले हाये ते—" आणि ती मधेच थांबली. दारात आली. बाजेवरच्या देवमनकडे पाहिलं, कानाशी धरलेल्या फोनकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग तिनं जे केलं त्याचा देवमनला सगळ्यात जास्त राग आला. तिनं फोन ठेवला नाही. ती आत गेली आणि हळू आवाजात बोलत राहिली.

५

देवमन अमरावतीला पोलिसांत तक्रार द्यायला गेला. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, दुसरीतून तिसरीत. तिसऱ्या खोलीत पंखा होता, म्हणून तिथला साहेब ऐकून घेण्याइतका थंड होता.

"पैसे गेले काय खात्यातून?"

"नाई."

"धमकी?"

"नाई. गुडघा कसा हाये इचारते."

साहेबानं पेन खाली ठेवलं. "मंग गेलं काय तुमचं?"

देवमनला कलमं आठवली. त्याच्या धंद्यात हे रोजचं होतं. चांगल्या झाडाचा एक डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, काढायचा, नखाएवढा, झाडाला कळतसुद्धा नाही. तो रानटी खुंटावर बांधायचा, पट्टी गुंडाळायची, सावलीत ठेवायचं. मग खुंटाचा शेंडा छाटायचा. वर वाढतं ते त्या चांगल्या झाडाचंच, तीच पानं, तोच रस. खाली मुळं कोणाची आहेत ते खाणाऱ्याला कळत नाही. चाळीस वर्षं त्यानं हे हातानं केलं होतं, त्यात करंगळीचं टोक चाकूनं गेलं होतं, आणि एकदाही मूळ झाडाची बाजू घेतली नव्हती.

"आवाज गेला," तो म्हणाला.

"हा जो चालून राहिला तो कोणाचा हाये?" साहेब हसला. मग त्याच्याकडे नीट पाहिलं. "थांबा. शेंदूरजन्याचे देवमन तुमीच काय? तहसीलदाराचा आवाज काढणारे?" आणि दुसऱ्या टेबलाकडे वळून म्हणाला, "अबे, आज हे आपल्याले बनवाले आले."

तिन्ही खोल्या हसल्या. देवमन आयुष्यभर लोकांना हसवत आला होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला हसणाऱ्यांचे दात दिसले.

घरी आला तर इंदूबाई रडत होती, पण आनंदानं. तिनं त्याचे हात धरले.

"रश्मीचा फोन आल्ता. तुमी तिले माफी मांगतली म्हणे. रडले म्हणे फोनवर. पंधरा दिवस झाले रोज बोलून राहिले, अन् मले सांगतलं नाई. उद्या अकोल्याले भेटाले चालले नं तुमी? सुट्टी काढली तिनं. पुरण घालते म्हणे बाबासाठी."

देवमन खाली बसला. रागानं त्याच्या कानात शिट्टी वाजत होती. माझी माफी मागणारा तो कोण? दीड वर्ष माझ्या घशात अडकलेला शब्द त्यानं कुठून काढला? फोनात तर तो नव्हता. सात वर्षांच्या बोलण्यात एकदाही नव्हता.

"इंदू, तिले भेटाले मी नाई चाललो. तो चालला."

इंदूबाईनं हात सोडले. "आता तरी सोडा नं गंमत," ती म्हणाली.

त्यानं रश्मीला फोन लावला. दीड वर्षांनी. "रश्मी, ऐक. उद्या दार उघडू नको. तो मी नाई. समजते काय तुले? तो मी नाई, पोट्टे, ऐकून राहिली नं?" तो ओरडत होता. त्याला ओरडल्याशिवाय घाई करता येत नव्हती.

मग रश्मी म्हणाली, "बाबानं सांगून ठेवलं होतं मले. म्हणे, कोणी माह्या आवाजात ओरडलं तं ठेवून देजो. म्हणे, मी लोकायचे आवाज काढले, आता लोक माहा काढून राहिले." आणि तिनं ठेवून दिला.

६

सकाळच्या पहिल्या गाडीनं तो निघाला. अमरावतीला बदलली, पुढं बडनेरा, मूर्तिजापूर. खिडकीतून आगीसारखं ऊन आत येत होतं. पोरीला काय सांगायचं ते तो जुळवत होता. तू लहान होती तेव्हा तुला गाढवाचा आवाज काढून निजवायचो. हे फोनात आहे, दोनदा सांगितलंय ग्रुपवर. तुझ्या आईला बाळंतपणात... तेही आहे. शाळेच्या पहिल्या दिवशी... फोटोसकट आहे. मूर्तिजापूर येईपर्यंत त्याच्याजवळ त्याचं स्वतःचं असं काही उरलं नाही. राग तेवढा होता. तो घट्ट धरून बसला.

अकोल्यात कौलखेडला रश्मीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. बाहेरून लोखंडी जिना. दुपारचे दोन वाजलेले, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. देवमननं कठड्याला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला. तळहात पोळला. हात छातीशी धरून तो वर चढला. प्रत्येक पायरी घणाघण वाजली.

दाराबाहेर पुरणाचा वास येत होता. त्यानं दार बडवलं.

"रश्मे. मी हाओ."

आत पावलं आली. दाराच्या फटीतून तिची सावली दिसली. ती फोनवर होती. हळू बोलत होती, पण दार पातळ होतं.

"बाबा, कोणीतरी आलं. तुमच्यावानीच दिसते... हाव, दार ठोकून राहिला... चिडेल हाये भल्ला."

"रश्मी, फोन ठेव. मी तुहा बाप हाओ."

"एक गोष्ट सांगा मंग," रश्मी दारामागून म्हणाली. "जे फक्त माहा बापच बोलीन असं."

देवमननं कपाळ पुसलं. घाम डोळ्यांत जात होता. दीड वर्षाचा तो शब्द वर आला आणि त्यानं तो जोर लावून बाहेर काढला. "माफ कर मले, पोरी. चुकलं माहं."

मग रश्मी फोनमध्ये म्हणाली, "बाबा, यानं तुमचं वाक्य पाठ केलं."

"भिऊ नको," फोनमधला आवाज म्हणाला. तिनं स्पीकर लावला होता. देवमननं तो आवाज पहिल्यांदा ऐकला. त्याचाच होता. फक्त त्यात राग नव्हता. "कडी काढून ठेव. मी खालीच आलो."

जिन्याची सगळ्यात खालची पायरी वाजली.

देवमन वळला. वरून जिना वळणापर्यंतच दिसत होता. पायऱ्या एकेक वाजत होत्या, घाई नाही, दम लागलेला नाही. मग वळणावर कठड्यावर एक हात आला. पांढऱ्या शर्टाची बाही, इस्त्रीची. करंगळी चाकूनं तुटलेली, देवमनची होती तशीच. तो हात त्या तापलेल्या लोखंडावर नुसता ठेवलेला होता. आरामात. सावकाश वर सरकत होता.

देवमनला शिव्या देता येत होत्या, हजार येत होत्या. त्यानं त्यातली सगळ्यात घाण निवडली आणि तोंड उघडलं. शिवी खालून आली. त्याच्याच आवाजात, हसत, लाडानं दिलेली.

मागं दारात कडी सरकली. रश्मी दार उघडत होती.

ज्या दारासाठी तो दीड वर्ष आणि दोनशे किलोमीटर आला होता, ते दार देवमननं दोन्ही हातांनी ओढून बंद केलं. बाहेरची कडी घातली. पायातली चप्पल काढून हातात घेतली, पाठ दाराला लावली आणि जिन्याकडे तोंड करून उभा राहिला. आतून रश्मी दार हलवत होती. दाराचा प्रत्येक धक्का त्याच्या पाठीत बसत होता.

"बाबा, लवकर या," ती रडत होती. "यानं मले कोंडलं."

"एकच पायरी राहिली, पोरी."

आवाज मागून आला, फोनमधून. आणि समोरून आला.